तुम्ही न म्हटलेलं वाक्य

अण्णा,

"वाचून जुळव, बघून जुळवू नकोस," असं तुम्ही मला म्हणालात तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझी एकही चूक झालेली नव्हती. उन्हाळ्याची सुट्टी होती. आईने डबा घेऊन मला प्रेसमध्ये पाठवलं होतं. तुम्ही जेवत होतात तेवढ्यात मी तुमच्या स्टुलावर चढून एक ओळ जुळवली. गावातल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाची पत्रिका होती. समोर तारेला अडकवलेला हाताने लिहिलेला कागद, ज्याला तिथे सगळे कॉपी म्हणायचे, आणि खाली लाकडी खणांमध्ये शिशाचे खिळे, प्रत्येक अक्षराला वेगळा खण. कागदावरचं एक अक्षर बघायचं, तसा खिळा शोधायचा, पट्टीत लावायचा, की पुढचं अक्षर. तुम्ही हात धुऊन आलात, पट्टी उजेडात धरलीत, ती उलटी अक्षरं आम्ही सरळ वाचतो तशी वाचलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे. काय लिहिलंय यात?" मला सांगता येईना. मग तुम्ही ते वाक्य म्हणालात. मशीनवरचे काका म्हणाले, "अहो, पोर आहे ती, शाबास तरी म्हणा." तुम्ही ओळ मोडलीत आणि एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकलात. बरोबर ओळ मोडली म्हणून मी घरी जाईपर्यंत रडत होते.

आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आयर्लंडमध्ये लिक्सलिप नावाच्या गावात, एका सत्तरीच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहते. औषधांच्या गुणवत्तेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो आता संपत आला. पुण्यात एका औषध कंपनीत सोळा वर्षं मी कागदपत्रांचं काम केलं. माझ्यानंतर आलेली मुलं परदेशातून शिकून येऊन माझी साहेब झाली, तेव्हा नवरा म्हणाला, "आत्ता नाही गेलीस तर पुढची वीस वर्षं मला ऐकवत बसशील." लेकीची दहावी झाली होती. जगभर सगळं बंद होतं, आणि त्याच वर्षी मी निघाले. लोकांनी वेड्यात काढलं.

सप्टेंबरमध्ये आले आणि पहिले चौदा दिवस खोलीतच राहायचं होतं. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर ट्रे ठेवायच्या, दारावर दोनदा टकटक करायच्या आणि खाली जाऊन ओरडून बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्या ओरडल्या की टॉवेल हॉट प्रेसमध्ये आहेत. मला वाटलं इस्त्रीबद्दल बोलताहेत. मी दाराआडून सांगितलं, "इस्त्री नको, टॉवेल तसाच चालेल." मग हसण्याचा आवाज आला. इथे प्रेस म्हणजे कपाट. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, त्यात कपडे उबदार राहतात. कप प्रेसमध्ये, साखर प्रेसमध्ये, मेणबत्त्या प्रेसमध्ये. आपल्याकडे प्रेसमध्ये फक्त तुम्ही असायचात. कुणी विचारायला आलं की आम्ही खेळातून मान वर न करता सांगायचो, अण्णा प्रेसमध्ये आहेत. त्या पंधरवड्यात मला तुमची आठवण यायला लागली, ती या शब्दामुळे. नाहीतर इतकी येत नसे, हे खरं सांगते.

वर्ग सगळे पडद्यावर. मी शिकवणाऱ्या बाईंना मॅडम म्हणायची आणि त्या दर वेळी हसून म्हणायच्या, "इथे कुणी मॅडम नाही, मला नावाने हाक मार." वर्गातली बाकीची मुलं माझ्या लेकीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. त्यांचे कॅमेरे बंद, माझा चालू, मागे घरमालकीणबाईंचा फुलाफुलांचा पडदा. ऑक्टोबरच्या शेवटी घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी झाली, आणि त्याच आठवड्यात पहिला निबंध द्यायचा होता. तो मी इतक्या निगुतीने लिहिला, अण्णा, की आता आठवलं तरी अवघडल्यासारखं होतं. व्याख्या पुस्तकात होत्या तशा, स्वल्पविरामासकट. शेवटी पुस्तकांची यादी दिली. आपल्याकडे शाळेत व्याख्येतला शब्द चुकला तर गुण जायचे, आणि कंपनीत कागदावरचं वाक्य बदललं तर तपासणीला येणारा माणूस आम्हाला धरायचा. जसंच्या तसं उतरवणं हे मला जबाबदारीचं काम वाटायचं. कुणाचं वाक्य उतरवलं तर तिथल्या तिथे अवतरण टाकायचं, नाहीतर समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहायचं, हे वर्गाच्या बाईंनी पहिल्या तासाला सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं.

नोव्हेंबरात पत्र आलं. निबंधातले तीन परिच्छेद दुसरीकडच्या मजकुराशी जुळतात, समितीपुढे येऊन खुलासा करावा. सोबत माझाच निबंध होता, संगणकाने तीन ठिकाणी लाल केलेला. दोष सिद्ध झाला तर अभ्यासक्रमातून काढून टाकता येतं, असं खाली लिहिलं होतं. मी ते पत्र पाच-सहा वेळा वाचलं आणि नवऱ्याला फोन केला नाही.

फोन केला तो आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या नागपूरच्या मुलीला. ती इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. माझ्या खोलीबंद दिवसांत ती दाराशी डाळ-तांदूळ आणून ठेवायची. आम्ही कालव्याच्या काठाने दोन हात अंतर ठेवून चाललो.

"कॉपी केली का गं ताई तू?" तिने सरळच विचारलं.

"कॉपी नाही. उतरवलं."

"अरे बाप रे. यांना फरक नाही समजत त्यातला."

"मग काढतील?"

"टेन्शन नको घेऊ. पहिल्या वेळी नाही काढत, बहुतेक. पण तिथे जाऊन सॉरी-सॉरी करत बसू नको. काहीतरी सांग घरचं. इकडचे लोक स्टोरी ऐकतात बघ, मन लावून ऐकतात."

"घरचं काय सांगू?"

"आता ते मी सांगू का? बाबा काय करायचे तुझे?"

मी म्हणाले, प्रेसमध्ये होते. खिळे जुळवायचे. ती थांबली. "म्हणजे पूर्ण लाइफ लोकांचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचे?" आणि हसायला लागली. "ताई, मग तर झालंच की तुझं काम."

बैठक पडद्यावर झाली. तिघे होते, त्यांतल्या एक माझ्या वर्गाच्या बाई. त्या पडल्या आवाजात म्हणाल्या, "घाबरू नकोस. हे कसं घडलं, तेवढं आम्हाला समजून घ्यायचंय." मी सांगितलं, माझे वडील छापखान्यात अक्षरं जुळवायचे. मग मी म्हणाले, ते मला नेहमी सांगायचे, दुसऱ्याचं वाक्य आहे तसं ठेवावं, त्यातला शब्द बदलणं म्हणजे चोरी. इंग्रजीत ते वाक्य फार चांगलं वाटलं. बाईंनी चष्मा काढला. दुसरे एक म्हातारेसे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आम्ही ज्याला चोरी म्हणतो, नेमकं त्याच्या उलट." मी मान हलवली. अर्ध्या तासात निकाल लागला. निबंध पुन्हा लिहायचा, त्याला पास होण्यापुरतेच गुण मिळतील, आणि नोंद राहणार नाही. खाली स्वयंपाकघरात गेले तर घरमालकीणबाईंनी विचारलं, "सगळं ग्रँड ना?" इथे पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतात. मी म्हणाले, ग्रँड.

तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात. तुम्ही तर कॉपीतलं शुद्धलेखन न विचारता दुरुस्त करायचात. वाक्य लंगडत असेल तर कागद घेऊन लिहिणाऱ्याच्या घरी जायचात आणि दारात उभं राहून विचारायचात, तुम्हाला असं म्हणायचंय का. आणि त्या तीन परिच्छेदांपैकी दोनच मी सवयीने उतरवले होते. तिसरा शेवटच्या दिवशीचा. मला तो विषय कळला नव्हता, मी थकले होते, आणि पकडला जाऊ नये म्हणून त्यातले दोन शब्द मी बदलले होते. दुसऱ्याचा शब्द कधी न बदलणाऱ्या माणसाच्या मुलीने ते का बदलले, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्यांनी ते पाहिलंच नाही, की पाहून सोडून दिलं, हे मला माहीत नाही.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतंत, हे मात्र मला माहीत आहे. मी नववीत असताना एका लग्नपत्रिकेत मुहूर्त अकरा बेचाळीसचा अकरा चोवीस छापला गेला. पत्रिका अर्ध्याअधिक वाटून झाल्या होत्या. मुलीचे वडील प्रेसमध्ये येऊन बसले होते, मालक त्यांना चहा पाजत होते. मी डबा घेऊन दारात. मालक म्हणाले, "तुमच्या कॉपीतच आकडा नीट नव्हता हो. आणि अठरा मिनिटांनी काय होतंय, आपले लोक वेळेवर येतात का कधी?" ते गृहस्थही थोडे हसले. प्रकरण मिटलंच होतं. तेव्हा तुम्ही आतून तो कागद घेऊन आलात, त्यांच्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "अक्षर स्वच्छ आहे. मी बघून जुळवलं, वाचलं नाही. चूक माझी." मालक नंतर तुमच्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. आई म्हणाली, "गप्प बसायला काय झालं होतं?" तुम्ही जेवत राहिलात.

बैठकीनंतर मी खरोखर अभ्यास केला. पान मिटून ठेवायचं, त्यात काय होतं ते मराठीत मोठ्याने म्हणायचं आणि मग इंग्रजीत लिहायचं. घरमालकीणबाईंना खालून वाटायचं मी फोनवर कुणाशी तरी भांडतेय. बाकीच्या निबंधांना चांगले गुण मिळाले. इथून तासाभरावर औषधांचा एक कारखाना आहे, तिथे पुढच्या महिन्यापासून नोकरी मिळाली आहे. लेक म्हणते, "आई, तू आता येणारच नाहीस ना?" त्यावर मी काहीतरी सांगत राहते.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण मागच्या आठवड्यात वर्गाच्या बाईंनी मेल पाठवला. परदेशातून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज एक पुस्तिका काढतंय. दुसऱ्याचे शब्द कसे वापरावेत या प्रकरणाच्या वर, चौकटीत, तुमचं वाक्य घालायचं आहे. खाली लिहिलं आहे, 'भारतातल्या एका जुळाऱ्याने आपल्या मुलीला सांगितलेलं.' किती देशांतून मुलं येतात, ती चोरी करायला येत नाहीत, हे आमच्या लोकांना या एका ओळीतून समजेल, असं त्यांनी मनापासून लिहिलं होतं. सोबत पान जोडलं होतं. शब्द बरोबर आहेत ना, तेवढं पाहून कळव.

म्हणजे मला प्रूफ आलं, अण्णा. मी ते वाचलं. एकदा उघडून ठेवलं आणि दोन दिवस काहीच कळवलं नाही. खरं सांगितलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं, किंवा सगळं पुन्हा उघडलं असतं, नोकरीसकट. पण मी थांबले ती केवळ त्या भीतीने नाही. तुम्ही एकतीस वर्षं गावातल्या माणसांची नावं जुळवलीत, वरांची, वधूंची, अध्यक्षांची, कैलासवासी झालेल्यांची. प्रत्येक कागदाच्या तळाशी मुद्रक म्हणून मालकांचं नाव असायचं. तुमच्याबद्दल छापलेली एक ओळ मी कधी पाहिली नाही. ही पहिली, आणि ती मी रचलेली. तुमच्या खऱ्या वाक्याचं इंग्रजी करून पाहिलं. वाचून जुळव, बघून जुळवू नकोस. इथे ते कुणाला कळणार नाही असं वाटलं. किंवा कळेल, आणि मग माझा निबंध आठवेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाच्या बाईंना कळवलं, शब्द बरोबर आहेत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे यात खोटं लिहायचं कारण नाही. तुम्ही रागावणार नाही. तुम्ही आतून कॉपी घेऊन याल, पुढे ठेवाल आणि म्हणाल, हे माझं नाही. ते मला माहीत आहे, तरी मागते. पुस्तिका सप्टेंबरमध्ये छापून येईल. तुम्हाला कुणी विचारणार नाही, पण समजा विचारलंच, तर एवढ्या एका वेळी, माझ्यासाठी, हो म्हणा.