चाखणं म्हणजे पिणं नव्हे

३० सप्टेंबर, मंगळवार
जुमाना बैरूतहून आली. आठ नोव्हेंबरला तिथेच लग्न. म्हणाली, बाबा, मला चर्चमध्ये तुमचा हात धरूनच आत जायचंय. पण तोवर दारू बंद आणि दर मंगळवारी त्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं. नाहीतर हात धरायला इस्कंदरमामा आहेच.
लगेच हो म्हटलं. मुळात मी पिणारा नाहीच. मी लोकांना अरक, म्हणजे बडीशेपेची दारू, काढून देणारा. आमच्या झाहले गावातल्या निम्म्या घरांच्या भट्ट्या माझ्या जिभेवर चालतात. पहिली धार फेकायची, मधली राखायची, शेवटची कधी तोडायची ते चाखूनच कळतं. कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी स्वतः शिकलो, म्हणून गाव मला मुअल्लिम म्हणतं, उस्ताद.
ठराव : पिणं बंद. चाखणं हा धंदा, तो वेगळा.

७ ऑक्टोबर, मंगळवार
जुमानाने दिलेल्या बैरूतच्या नंबरावर फोन केला. बाई म्हणाल्या, झाहलेच्या चर्चमागची शाळा, साडेसहा. सव्वासहाला हजर. शाळेला दरवाजे पाच, पाटी एकावरही नाही. समोर बेकरीवाला हन्ना उभा. त्याला काय विचारणार, दारुड्यांची सभा कुठे भरते म्हणून? सकाळच्या पावाबरोबर गावभर झालं असतं. म्हटलं, ती मंगळवारची मंडळी कुठे जमतात? तो खूश. या या मुअल्लिम, म्हणाला, मीच नेतो. नेलं ते चर्चच्या गाण्याच्या तालमीला. आता परत कसं फिरणार. दोन तास खर्जात गायलो. आवाजाची तारीफ झाली.
जुमानाला कळवलं, जाऊन आलो, लोक चांगले आहेत. यात खोटं काही नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
मीटिंग सापडली. तालमीच्या खालच्याच तळघरात. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे. सांगितलं, कोणी उठलं नाही.
चालवणारा मुनीर न्हावी. वीस वर्षं माझे केस कापतो. म्हणाला, इथे फक्त पहिलं नाव सांगायचं, आणि इथलं बाहेर जात नाही. नऊ जण होते. त्यातल्या चौघांची अरक मीच काढून दिलेली. चौघेही ओळख नसल्यासारखे जमिनीकडे बघत बसले.
रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये, हे आमच्याकडे पोराटोरालाही कळतं. म्हणून खोली देणाऱ्या पाद्रीबाबांसाठी एक बाटली नेली होती, कागदात गुंडाळून. टेबलावर ठेवली. तौफीक म्हणून एक म्हातारा आहे, तो उठून बाहेर गेला, परत आला नाही. मुनीरने बाटली उचलली आणि मोरीत ओतून आला. म्हणाला, मुअल्लिम, मी तुमचे केस कापतो, अक्कल कधी कापली?
तीन वर्षं मुरलेली होती.

२१ ऑक्टोबर
मीटिंग नाही. भट्टीचा हंगाम. खलीलच्या घरी पहाटेपासून. सात वेळा चाखलं, जास्त नाही. दुपारी त्याची बायको म्हणाली, मुअल्लिम, धार केव्हाच तोडली, आता काय चाखताय? म्हटलं, पडताळणी. अडाणी बाई.

२९ ऑक्टोबर, बुधवार. डोकं जड.
काल मीटिंगला गेलोच होतो. खलीलकडून थेट. दारापर्यंत. पायऱ्यांवर जरा टेकलो. मुनीर बाहेर आला, आत चला म्हणाला. म्हटलं, लोकांचा गैरसमज होईल, मी चाखून आलोय, प्यायलेलो नाही. म्हणाला, मीही नऊ वर्षं माझ्या बायकोला असंच काहीतरी सांगायचो.
घरी आणून बूट त्यानेच काढले असणार. डावा उजवीकडे ठेवला होता.
तीन मीटिंगांतल्या दोन, म्हणजे वाईट नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
जुमाना सूट बघायला आली. कॉलर नीट करता करता थांबली. वास घेतला. बाबा, एवढंच म्हणाली. मी शांतपणे समजावलं, हा बडीशेपेचा वास, भट्टीवर कपड्यांत बसतो, धुतला तरी जात नाही. हो, म्हणाली. माझा कॉफीचा कप विसळला, पालथा घातला आणि गेली. वाद नाही, रडणं नाही.
पटलं असावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मीटिंग. पहिलं नाव सांगितलं. त्यापुढचं, मी दारुडा आहे, हे वाक्य सगळे म्हणतात, मी म्हटलं नाही. घाई नको. तौफीक आला होता. शेजारची खुर्ची त्याने माझ्याकडे सरकवली.
रविवारपासून काही घेतलेलं नाही. खलीलचं बोलावणं आलं, नाही म्हणून कळवलं. कॉफी दोनदा बशीत सांडली. थंडी पडलीय.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी
जुमानाचा फोन. म्हणाली, बाबा, वेळ बदलली, तीनऐवजी पाच, आधी दुसरं लग्न आहे. आवाज बसलेला. लग्नाच्या तोंडावर सर्दी करून घेतली. म्हटलं, गरम पाण्यात मध घे. मग म्हणाली, पाच, बाबा. लिहून घ्या.
लिहून घेतलं. कामाला चोख आहे. माझ्यावर गेलीय.

८ नोव्हेंबर, शनिवार
सहावा दिवस. चाखलंसुद्धा नाही. दाढी मुनीरने करून दिली, पैसे घेतले नाहीत.
बैरूतला चर्चपाशी पाचला पाच कमी असताना उतरलो. पायऱ्यांवर तांदूळ सांडलेले. एक जण झाडत होता. म्हणाला, लग्न तीनलाच लागलं, छान झालं, नवरी मामाचा हात धरून आत आली. मग माझ्या सुटाकडे बघितलं. पाचला येणारे गृहस्थ तुम्हीच का, म्हणाला. नवरीने हे ठेवलंय. लग्नात पाहुण्यांना वाटतात ते साखरेत घोळवलेले बदाम, जाळीत बांधलेले. नवरी म्हणाली होती, ते अगदी वेळेवर येतील.
मी त्याला सांगितलं, मी आज प्यायलेलो नाही.
तो म्हणाला, पाय जरा बाजूला घ्या.