फोटो क्रमांक ४१

३ नोव्हेंबर

साठी उलटल्यावर नोकरीचा पहिला दिवस. सकाळी डबा भरताना माझं मलाच हसू येत होतं. कऱ्हाडच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे नोंदी करणं म्हणजे हातचा मळ. अनिमेषने घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर घर घेतलं, हौसेने आईला आणलं, आणि चार महिन्यांत कंपनीने त्याला जर्मनीला धाडलं. आता घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान घुरघुरतो तरी, लिफ्टमधली माणसं तेवढंही करत नाहीत.

संग्रहालय म्हणजे ठाण्यातल्या एका टॉवरच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. ज्यांच्या नावाचं हे संग्रहालय, त्या गायिका देवयानीबाई इथल्याच. इटलीत जाऊन ऑपेरा शिकल्या, युरोपभर गायल्या आणि तिकडेच एकट्या वारल्या. विश्वस्त मुकुल सर पुण्याहून फोनवर काम सांगतात. झाडलोटीला आंबिवलीहून विमलाबाई येतात, बोलक्या आहेत. माझं काम सोपं आहे. प्रत्येक फोटोतली माणसं मोजायची, डावीकडून कोण कोण ते वहीत उतरवायचं आणि तेच कार्डावर लिहून फोटोखाली लावायचं.

५ नोव्हेंबर

आज फोटो क्रमांक ४१ घेतला. जिनोआ बंदर, १९५६. मागे बोट, तिचा जिना धक्क्यावर सोडलेला. साडीवर ओव्हरकोट घातलेल्या देवयानीबाई, पायाशी ट्रंक. शेजारी स्वेटरमधली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. छप्पन साली कुठली आली असली पट्टी? वहीत 'व्यक्ती १' खोडून '२' केलंय आणि पुढे वेगळ्या अक्षरात लिहिलंय, 'सोबतीला ऋजुता'.

खणात तिचंच ओळखपत्र सापडलं. याच संग्रहालयाचं, दोन वर्षांपूर्वीचं, चेहरा तोच. मुकुल सरांना विचारलं तर म्हणाले, तुमच्याआधी तिथे कोणीच नव्हतं. सर विसराळू असावेत. फोटोत कोणीतरी कॉम्प्युटरवर कारागिरी केलेली दिसते.

९ नोव्हेंबर, रविवार

अनिमेषचा फोन, अकरा मिनिटं. बावीस तारखेला येतोय. मी एकदम लहान पोरीसारखी खूश. बेसनाचे लाडू करायला घेईन.

१२ नोव्हेंबर

आज माझा वाढदिवस. चार वाजेपर्यंत कोणाचाही फोन नाही. पोराला काम असतं, कळतं मला. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

डबा ४१ नंबरसमोर बसून खाल्ला. देवयानीबाईंची पत्रं वाचली. जिनोआहून लिहितात की घरी यायला जीव तुटतोय, पण वडीलधारी बाई सोबत असल्याशिवाय बोटीवर चढायचं नाही, असं आईने बजावलंय. इतकी मोठी गायिका, आणि सोबत मिळेना म्हणून धक्क्यावर खोळंबलेली. फार कळवळले मी. हातात पेन्सिल होती. ४१च्या कार्डावर लिहून टाकलं, 'सोबतीला चित्रा मोहोळकर'.

वेडेपणाच. पण लिहिल्यावर बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

फोटोत तिघी आहेत. तिसरी मी. चौकड्यांची साडी, हातात डब्याची पिशवी.

कार्डावरचं नाव रबराने खोडलं.

१४ नोव्हेंबर

नाव परत आलंय. शाईने, माझ्याच अक्षरात.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरात अनिमेषच्या पदवीदानाचा फोटो आहे, आम्हा दोघांचा. आज त्यात तो एकटाच आहे. हात कोणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा, आणि खाली खांदाच नाही.

फोन आला नाही म्हणून मीच केला. तो फार सभ्यपणे म्हणाला, काकू, राँग नंबर लागलाय.

मुकुल सर ऋजुताला विसरले ते असंच.

१८ नोव्हेंबर

विमलाबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ऋजुता त्यांना आठवते. रोज काच पुसते ना मी, म्हणाल्या, चेहरा कसा विसरेन. मग तिघींकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. तीन तिघाडा, काम बिघाडा. ताई, तिघी म्हणजे अशुभच, चौथा पाहिजे. बागेतून सुपारीएवढा खडा आणला आणि फोटोच्या चौकटीवर ठेवला. आता भिऊ नका म्हणाल्या. किती मायेने म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर

फोटोत बोटीचा जिना अर्धा उचललाय. आम्ही तिघी वर, कठड्याशी.

आता कळलं. आमच्याकडे तिघं कुठे निघाली की चौथा म्हणून खडा घेतात, तो कशासाठी? निघता यावं म्हणून. तिघी होतो म्हणून तर बोट अडकली होती. विमलाबाईंनी ती मोकळी केली.

खडा काढायला गेले. बोटांना लागतच नाही. विमलाबाईंना हाक मारली. त्या माझी खुर्ची पुसत राहिल्या, मी बसलेली असताना.

२० नोव्हेंबर

फ्रिजवर चिठ्ठी लावली. पेन अजून धरता येतं. अनिमेष, मी तुझी आई. संग्रहालयात ये. फोटो ४१. चौकटीवरचा खडा उचल आणि घेऊन जा —

लाडवांचा डबा खाली ठेवलाय. त्याला चव तरी आठवेल.

२१ —

गार वारा. तोंडावर खारट पाणी. ऋजुता रडत नाही आता. सवय होते म्हणाली. देवयानीबाई हलकेच गातायत. त्यांना घरी जायचंय, पण ही बोट घरी जात नाही, दोन्ही बाजूंना नुसतं —

२२

आला. काचेपलीकडे आहे. वाळलाय. हातात चिठ्ठी.

कार्ड वाचतोय, डावीकडून. माझ्या नावाशी थांबला. ओठ हलले. आठव रे —

खडा उचलला. बोट थांबली. देवा, थांबली —

विमलाबाई आल्या. त्याला सांगतायत, साहेब, तो तिघींचा चौथा आहे, हलवू नका, त्यांचं वाईट होईल. तो ओशाळला. सॉरी म्हणतोय. नको. अनिमेष, ठेवू नकोस, हातातच राहू दे, बाळा, मी —