खाकीवर न भुंकणारी

उमरसरा, यवतमाळ
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. राजदीपदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनच्या घरातच पत्रं बंद पडली तर बाबांना चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणून तरी आपण भावंडं लिहीत राहू. शिवाय फोनवर बोललं की बाबा पुढच्या खोलीतून सगळं ऐकतात. पत्राचं तसं नाही. तुझं पाकीट फाटकाशी तेच घेतात, हातात तोलून पाहतात, पण दुसऱ्याच्या नावाचं टपाल ते मरेपर्यंत उघडणार नाहीत. तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

जयाला कुत्रं हवंय. एकुलती एक पोर, घरात खेळायला कोणी नाही. कापसाचा हंगाम सुरू झाल्यापासून रवी जिनिंगमधून फक्त जेवायला आणि झोपायला घरी येतो, मी कृषी कार्यालयातून अंधार पडता पडता परतते. दिवसभर घरी बाबा एकटेच. शहराबाहेर बेवारस कुत्र्यांचा एक निवारा आहे, तिथून आणावं असं आम्ही ठरवलं. बाबांसमोर विषय काढला मात्र, घरात संचारबंदी लागली. त्यांनी पायजमा वर करून पोटरीवरचे व्रण नातीला दाखवले, कोणत्या गल्लीत कोणत्या कुत्र्याने दिले ते नावानिशी सांगितलं, आणि म्हणाले की कायले पाह्यजे कुत्रं, ते एका दारानं आलं का मी दुसऱ्या दारानं राजूरले राजदीपकडे गेलो समज.

मला हसू आलं. पण संध्याकाळी त्यांनी रवीला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली तेव्हा हसू पळालं. मागच्या उन्हाळ्यात तुझ्याकडे राहून आले ते थेट दवाखान्यात. कोळशाच्या धुळीत राहायचं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलंय. आणि इकडे पोरीचं तोंड एवढंसं झालंय. कोणाचं मन मोडू, तूच सांग.

वहिनींना जयभीम. माझ्यावरचा लोभ पातळ झाला असेल तर थोडा दाट कर.

तुझी,
मैत्रेयी

---

राजूर
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

बाप आपल्याकडे येणार म्हटल्यावर नको म्हणावं लागतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही. पण इथली गत तुला ठाऊक आहे. खिडकी सकाळी पुसली तर दुपारी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं. त्यांचा दमा इथे निभायचा नाही. काही झालं तरी त्यांना तिथेच राहू दे.

तुझं चुकलं कुठे ते सांगतो, रागावू नकोस. तू बाबांना विचारलं नाहीस, सांगितलंस. कुत्र्यांच्या बाबतीत यवतमाळात त्यांच्याएवढा जाणकार नाही, निदान त्यांच्या मते तरी नाही. त्यांनाच निवड करायला ने. कुत्र्यांनी जन्मभर त्यांची परीक्षा घेतली, आता त्यांना घेऊ दे. ते काय काय करतात ते सविस्तर कळव. खाणीवर दुसरी करमणूक नाही.

जयाला पापा. धाकटी आहेस, तेव्हा लोभ ठेवण्यावाचून तुला गत्यंतर नाही.

तुझा,
दादा

---

उमरसरा, यवतमाळ
दि. २ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी मात्रा लागू पडली. तुम्हीच निवडा म्हटल्याबरोबर बाबांनी दाढी केली. आणि काल आम्ही निवाऱ्यात गेलो ते कसे, तर बाबा जुन्या खाकी गणवेशात, खांद्याला टपालाची पिशवी, आणि त्यांची सायकल मालवाहू ऑटोत आडवी बांधलेली. उमरसऱ्यापासून लोक वळून वळून पाहत होते. जया तोंड लपवून बसली होती.

तिथल्या वैष्णवीताईंनी आमचीच मुलाखत घेतली. घर किती वेळ रिकामं असतं, कुंपण केवढं, मूल किती वर्षांचं, सर्वांची तयारी आहे का. जयाचा जीव एका पिल्लावर जडला होता. पण ताई म्हणाल्या की धावपळीच्या घराने पिल्लू नेऊ नये, त्याच्यामागे दिवसभर पळणारं माणूस लागतं, नाहीतर ते चपलांपासून सोफ्यापर्यंत काही ठेवत नाही. त्यापेक्षा वयात आलेलं, लस टोचलेलं, मुलांत रमणारं शांत कुत्रं न्या. हे बाबांना इतकं पटलं, की त्यांनी ताईंना पोस्टात असायला हवं होतं असं सांगून टाकलं.

मग त्यांची परीक्षा सुरू झाली. घंटी वाजवत ते पिंजऱ्यांच्या रांगेसमोरून सायकल दामटत गेले. काय सांगू तुला, सगळा निवारा पेटला. काळी, पांढरी, लंगडी, सगळी जाळीवर चढून भुंकायला लागली. बाबांचा चेहरा मात्र जुने सोबती भेटल्यासारखा खुलला होता. एक तपकिरी कुत्री तेवढी शेवटच्या पिंजऱ्यात पाठ करून पडली होती. बाबा अगदी पुढ्यात आले तेव्हा ती उठली, पिशवी हुंगली आणि तिने शेपूट हलवली. बाबांनी तिथेच निकाल दिला की हेच जनावर घरात चालते, सरकारी कामात अडथळा नाही आणत.

ताई म्हणाल्या की गाडीची धडक बसली म्हणून हिला आठवड्यापूर्वीच आणलंय, फार ओळख नाही, पण मुलांशी गोड आहे. महिनाभर ठेवून पाहा, मग पक्कं करू. शेपूट वळलेली म्हणून जयाने तिचं नाव जिलेबी ठेवलं. आज ती बाबांच्या खाटेखाली झोपली आहे आणि बाबा तिला पाहिलं न पाहिलं करताहेत. ट्रंक अजून खाली आहे, पण तिच्यावर आता रवीचं हेल्मेट असतं.

असाच शहाणपणा पुरवत जा.

तुझी,
मैत्रेयी

---

उमरसरा, यवतमाळ
दि. १९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आनंदाचं पत्र लिहून पुरते तीन आठवडेही झाले नाहीत, तोच हे लिहिते आहे. परवा घरासमोरून लग्नाची वरात गेली. डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, कॉलनीतली कुत्री गाड्यांखाली शिरली, आणि जिलेबी खाटेखाली ढिम्म. मग मी तिच्या मागे ताट आपटून पाहिलं, कुकरची शिट्टी झाली तेव्हा पाहिलं. काल डॉक्टरांकडे नेलं. दादा, ती ठार बहिरी आहे. बाबांची घंटी तिला ऐकूच गेली नव्हती.

वैष्णवीताईंना फार वाईट वाटलं. बदलून दुसरं नीट ऐकणारं कुत्रं देते म्हणाल्या. रवीचंही तेच म्हणणं आहे, दोघं दिवसभर बाहेर असताना ही रस्त्यावर गेली तर मागची गाडी तिला कळणार कशी. जया रडून रडून झोपली.

बाबांना सांगणं भाग होतं. त्यांनी वाकून खाटेखाली पाहिलं. मग म्हणाले, म्हणजे माह्यी परीक्षाच खोटी ठरली. तेवढंच. सकाळी पाहते तर ट्रंकेवरचं हेल्मेट खाली आणि ट्रंकेत कपडे. तुम्हाले ठेवाचं ते ठेवा, मी रविवारच्या गाडीनं राजूरले जाऊन राह्यलो, म्हणतात. मी हात जोडले, ऐकत नाहीत. तू काही करून त्यांना थांबव. मला फार भीती वाटते आहे.

तुझी,
मैत्रेयी

---

उमरसरा, यवतमाळ
दि. २३ डिसेंबर २०२४

चि. राजदीप यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मैत्रेयीने तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण पाकीट टाकताना तिचा चेहरा पाहिला होता, त्यावरून अंदाज आला. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐक.

काल सकाळी मी निघालो होतो. राग कुत्रीवर नव्हता. ज्या एका गोष्टीत मला कोणी शिकवू नये असं वाटायचं, तिच्यातच मी फसलो, तेही नातीसमोर. तोंड लपवायला राजूर बरं वाटलं. ट्रंक घेऊन फाटकाबाहेर ऑटोची वाट पाहत बसलो. मैत्रेयी आत रडत होती, ते मला ऐकू येत होतं, तरी बसलो. म्हातारपणी माणूस हट्टाला पेटला की असा होतो.

जिलेबी झोपेत होती. मी उठलो, ट्रंक ओढली, फाटक लावलं, तिला काय कळणार. जाग आली तेव्हा खाटेवर मी नाही. मग म्हणे तिने एकेक खोली पालथी घातली. जावयांना हुंगून सोडलं, पोरीला सोडलं, न्हाणीघरातही डोकावून आली. शेवटी फाटकाच्या जाळीला नाक लावून माझ्यासमोर येऊन बसली. शेपूट हलवली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

ऑटोवाल्याला परत पाठवलं. बदली नको, असं वैष्णवीताईंना कळवलं आहे. फाटकाला नवी कडी बसवली. तिला बाहेर मीच नेतो, पट्टा धरून, कडेकडेने. जया तिला हातांच्या खुणांनी बस-ऊठ शिकवते आणि मलाही त्याच खुणा करते. मैत्रेयी आता हसते आहे. तू काळजी करू नकोस, सुनेलाही सांग.

तू विचारशील, की बाबा, परीक्षा खोटी ठरली, तरी कुत्री ठेवून कशी घेतली? अरे, नोकरीभर कुत्री माझ्यावर भुंकली ती घंटी ऐकून. मी वळणावर दिसायच्या आधीच माझ्याबद्दल त्यांचं ठरलेलं असायचं. हिला माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिल्याशिवाय काही ठरवताच येत नाही. तिने मला पाहिलं, आणि मग जे ठरवलं ते मी मुकाट्याने मान्य केलं.

पत्र टाकत जा. म्हाताऱ्यावरची माया असू दे.

तुझा,
बाबा