दादाने घरी नेलेली बातमी

तीर्थस्वरूप वहिनीस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी उभ्यानेच लिहितोय. माझ्या खुर्चीत छपाईचा फोरमन बसलाय आणि पान हातात पडल्याशिवाय उठणार नाही म्हणतोय. तरी नमस्कार आडवाच समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस, शेक घेत जा. इकडे सर्व खुशाल, असं लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना.

तुझा नवरा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ आणि आमच्या सांजदैनिकाचा वृत्तसंपादक, आज पहिल्या पानाच्या मुख्य बातमीला कुलूप लावून घरी निघून आलाय. एव्हाना जेवून, खोलीचं दार लावून, भिंतीकडे तोंड करून पडला असेल. त्याचा फोन बंद. तुझा नुसता वाजतोय, म्हणजे तोही त्याच्याच उशाखाली असणार. मी स्वतः आलो असतो, पण पान सोडून हलता येत नाही आणि माझा आवाज ऐकून तो दुसरी कडीही लावेल. म्हणून हे पत्र. ड्रायव्हर पेट्रोल भरून येईपर्यंत लिहितो.

कुलूप म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तू त्याच्या खिशात किल्ली शोधत बसशील. पूर्वी बातमी कागदावर असायची. कागद ज्याच्या हातात, बातमी त्याची. भांडायचं कारणच नव्हतं. मग संगणक आले आणि एकच बातमी एकाच वेळी चार टेबलांवर उघडायला लागली. जो शेवटी साठवेल त्याची उरायची, बाकीच्यांची मेहनत मातीत. एकदा मी नगरपालिकेची सभा नीट करत होतो आणि क्रीडावाल्याने चुकून त्याच बातमीत आपला सामना ओतला. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष अर्थसंकल्पावर तीन गडी राखून विजयी झाले. (ते स्वतः खूश होते. विरोधकांनी मात्र मोर्चा आणला.)

त्यानंतर दादाने नवं सॉफ्टवेअर आणवलं. त्यात बातमी उघडली की तिच्यापुढे लाल कुलूप आणि उघडणाऱ्याचं नाव दिसतं. तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. पण आपली माणसं! बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी सकाळी येऊन बातम्या धरून ठेवायला लागली. एक गृहस्थ सहा बातम्यांना कुलपं लावून दाढी करायला गेले. मग दादाने वर नियम काढला, की बातमी उघडताना खणखणीत आवाजात ‘धरली!’ म्हणायचं आणि ठेवताना ‘सोडली!’ त्यामुळे दिवसभर आमच्याकडे लंगडी चालल्यासारखा आरडाओरडा असतो. पण खरं सांगतो, गोंधळ थांबला. आणि दुसऱ्याचं कुलूप फोडायचा अधिकार नियमाप्रमाणे एकट्या वृत्तसंपादकाला. म्हणजे कुणाला, ते तुला कळलंच.

आज सकाळी कारखान्यात टाकी फुटली. फाटकावर ऐकलं तेवढ्यावर आमच्या बातमीदाराने एक फिटर जागीच ठार झाल्याचं कळवलं. दादा स्वतः लिहायला बसला. मध्येच बातमी सोडून चहाला उठला, तेव्हा मला एक वाक्य वाकडं दिसलं. मी उघडलं, सरळ केलं. नेमका त्याच वेळी दादाचा संगणक अडकला आणि त्याने उठण्याआधी लिहिलेले तीन परिच्छेद कुठे गेले ते देवाला ठाऊक. मी ‘धरली’ म्हटलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं होतं, पण हळू. (तोंडात बिस्किट होतं.) तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुला बातमीला हात लावायची अक्कल नाही.” आता तूच सांग, माझे केस पिकलेत, कानाखाली मारायचं वय राहिलंय का माझं? मीही म्हणालो, “एवढी जिवापाड आहे तर घरी घेऊन जा बातमी.”

तर तो खरंच घेऊन गेला. बातमी उघडली, ‘धरली!’ असा ओरडला की खालचा पहारेकरी वर आला, मग पानाची चौकटही स्वतःच्या नावावर अडकवली आणि चप्पल घालून चालता झाला. आता नवी बातमी लिहून ती लावायची म्हटलं तरी चौकट उघडत नाही. वेळ झाली की छापखाना आहे ते पान तसंच उचलणार.

आम्ही हसत होतो गं. तो गेला तेव्हा सगळे हसत होते. मग जिन्यावरून एक बाई आल्या. इस्पितळातून थेट, हातात नवऱ्याचे बूट. म्हणाल्या, “तो फिटर माझा नवरा. पाय मोडलाय, पण जिवंत आहे. बातमीदार म्हणाला, तो गेला असं तुम्ही छापताय.” त्यांची सासू दूरच्या गावी एकटी राहते. ठार बहिरी, फोनचा उपयोग नाही. शेजारी कामावर गेलेले, कुणी फोन उचलत नाही. पण म्हातारी रोज संध्याकाळी भिंग घेऊन आपला अंक पहिल्या अक्षरापासून वाचते. मुलानेच लावून दिलाय.

त्या समोर बाकावर बसल्यात. पाणी नको म्हणाल्या. पान लागलं का, एवढंच मघापासून विचारतायत आणि मी प्रत्येक वेळी ‘होतंय, होतंय’ म्हणतोय. पडद्यावर ते ‘ठार’ दिसतंय, शेजारी लाल कुलूप, त्याच्यापुढे दादाचं नाव. घाईत लिहितोय वहिनी, अक्षर सांभाळून घे.

तेव्हा त्याला उठव. तो काय म्हणेल ते म्हणो. ‘माझी बातमी कुणी बिघडवली’ म्हणाला तर म्हणावं, भाऊजींनी. भिंतीकडेच तोंड ठेवलं तर पांघरूण ओढ. आणि त्याचा परवलीचा शब्द घेऊन ड्रायव्हरच्या हाती दे. कळावे, लोभ आहेच, तो आज जरा घाईने दाखव.

तुझा,
भाऊजी

ता. क. परवलीचा शब्द नको. त्यालाच गाडीत बसव. खरं सांगायचं तर कुलपाची दुसरी किल्ली वर मालकांकडे आहे. मी जिना चढलो तर चुटकीसरशी बातमी सुटेल. फोरमन मघापासून तेच म्हणतोय, मीच ऐकू येत नसल्याचं सोंग केलंय. कारण मालकांना कुलूप फोडावं लागलं, तर ज्याचं कुलूप त्याची खुर्ची गेली, असं त्यांनी गेल्याच महिन्यात दादाला बजावलंय. गाडी वेळेत परत आली नाही तर मी वर जाणार. त्या म्हातारीपुढे दादाची खुर्ची मोठी नाही. पण माझ्या हातून त्याचं नुकसान होऊ देऊ नकोस. माझं चुकलं म्हणून सांग. बिस्किटाचं सांगू नकोस.

ता. क. (पाकिटावर) ड्रायव्हर आला. बाईंनी विचारलं, एवढं काय लिहिताय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मीच जाते की.” निघाल्याही. वहिनी, आतलं पत्र वाचत बसू नकोस. दारात बूट घेऊन ज्या उभ्या आहेत, त्यांना आधी आत घे आणि थेट दादाच्या खोलीपाशी ने.