डाव्या पोस्टाजवळ गवत नाही

हॅदरशॉ,
१९ मे

प्रिय थेल्मा,

तू आणि नॉर्मन बरे असाल असं धरून चालतो. माझा गुडघा कुरकुरतो, पण काम भागतं. मे महिना निम्मा संपला तरी अंगावरचा कोट उतरलेला नाही, म्हणजे इथलं सगळं नेहमीसारखंच.

आपल्या फुटबॉल क्लबचं तुझ्या कानावर आलं नसेल. आम्ही हरलो. बढतीचा शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर, जादा वेळेत, एक-शून्य. जिंकलो असतो तर वरच्या लीगमध्ये गेलो असतो. पोरं तिथेच आडवी पडली. मी चहाच्या खिडकीमागे कप विसळत राहिलो, कारण कोणीतरी ते करायलाच हवं होतं.

पुढच्या मोसमाचं म्हणशील तर चित्र अगदीच वाईट नाही. स्ट्रायकर चाललाय; तो तसाही टिकणारा नव्हता. बाकीचे थांबतायत. अ‍ॅक्रॉइड, तो खाटीक, आता क्लबचा अध्यक्ष आहे. त्याचं म्हणणं, आपल्याला चिखलाने हरवलं. खोटं नाही ते. हिवाळ्यात निम्मे सामने पुढे ढकलले, मग एप्रिलमध्ये दिवसाआड खेळून पोरांच्या पायांत त्राण उरलं नाही. म्हणून मैदान उखडून प्लास्टिकचं गवत घालायचं ठरलंय. मग पाऊस असो की बर्फ, खेळ थांबायचा नाही. सभेत मतदान झालं. मीही हात वर केला.

आता तो गोल कसा झाला ते सांगतो. फटका काही खास नव्हता. चेंडू लोळत लोळत आपल्या गोलकीपरकडे येत होता, लहान मुलानेही अडवला असता. गोलच्या डाव्या पोस्टाजवळ, खांबाला लागूनच, एक उंचवटा आहे, तिथे तो उडाला आणि त्याच्या हातावरून आत गेला.

त्या जागी गवत धरत नाही. का, ते अख्ख्या गावाला माहीत आहे, तुला नाही. बाबांची राख मैदानावर ठेवली एवढंच मी तुला कळवलं होतं. क्लबच्या इतर जुन्या माणसांची राख मैदानभर विखुरतात, तशी ती विखुरली नाही. एका खड्ड्यात ठेवली. शेवटपर्यंत गोलकीपरच ते; त्यांनीच बजावलं होतं, "मला मिठासारखा भुरभुरू नकोस. डाव्या पोस्टाला ठेव, तिथूनच जास्त गोल खाल्लेत मी." राख एका जागी घातली की गवत जळतं, हे आम्हाला कुठे ठाऊक? दर उन्हाळ्यात मी वर माती टाकत गेलो, बी पेरत गेलो. त्याचाच उंचवटा झाला.

सामन्यानंतर पबमध्ये अ‍ॅक्रॉइड म्हणाला, "डेसमंड, म्हातार्‍याने जन्मभर गोल खाल्ले, मेल्यावर एक मारलाच की रे." सगळे हसले. मीही हसलो. मग बाहेर गाडीत बसून रडलो. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी मशीन येतंय. वरची सगळी माती ट्रकमध्ये भरून कुठल्यातरी भरावावर ओततील. ज्यांची माणसं मैदानभर विखुरलीत त्यांच्यासाठी पाद्री येऊन प्रार्थना म्हणेल, आणि तेवढ्यावर भागेल. क्लब जगायचा तर हे करायलाच हवं, आणि उद्या पुन्हा मतदान झालं तरी मी हात वरच करीन. पण बाबांना ट्रकमध्ये जाऊ देणं मला जमणार नाही.

ते एका जागी आहेत, म्हणजे अजून उचलता येतील. दफनभूमीत आईच्या शेजारची जागा रिकामीच आहे, काल जाऊन पाहून आलो. तू तेव्हा हेच मागत होतीस, आणि ते न झाल्यावर तू फोन करायची थांबलीस. बाबा कुरकुरतील. पण आईपुढे त्यांचं कधी चाललंय?

रविवारी सकाळी मैदान मोकळं आहे. अ‍ॅक्रॉइड मदतीला माणूस देतो म्हणाला, मी नको म्हटलं. हे काम दोघांचं आहे, आणि त्यातला दुसरा माणूस तू आहेस.

माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण इथे येऊन रागव.

तुझा भाऊ,
डेसमंड