वाळू तशीच टाका

खोडद,
मंगळवार, दि. १२ डिसेंबर २००६

तीर्थरूप दादांस,

प्रतिभाचा नमस्कार. तीर्थरूप हा शब्द सवयीनं लिहिला गेला. आता खोडत बसत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. शाळा चालू आहे, कांद्याला पाणी चालू आहे, वीज मात्र सकाळी जाते ती दुपारीच येते. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढायला लावू नका. तुम्ही लावत असालच.

मंचरच्या तुमच्या हॉटेलाचं उद्घाटन होऊन महिना होत आला. मी आले नाही म्हणून तुम्ही लोणीच्या भावकीत सांगत फिरलात, की प्रतिभेला भावाचं चांगलं बघवत नाही. दादा, चांगलं काय होतं तिथं बघायला? काचेवर स्वतःचं नाव सोनेरी अक्षरात, दारात प्लॅस्टिकची केळ, आणि मधोमध सहा फुटी टाकी, ज्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही. खाऱ्या पाण्यात साधं मीठ चालतं का, हेसुद्धा तुम्ही मला फोनवर विचारलंत.

ती टाकी आमच्या यांनी शहाण्णव साली आमच्या ओसरीत मांडली तेव्हा सगळ्यात जास्त तुम्हीच हसला होता. "पावणं, समुद्र सोडून खोडदला कुठं मासं पाळताय?" यांनी पुण्याहून मीठ आणलं, पांढरी वाळू आणली, आणि महिनाभर नुसतं पाणी फिरत ठेवलं. मग क्लाऊन माशांची एक जोडी सोडली, पुढं हळूहळू आणखी सात मासे. ती पहिली जोडी शेवटपर्यंत जगली. हे दोन वर्षं अंथरुणाला होते तेव्हा पाणी कोण बदलत होतं, दादा? वीज गेली की बॅटरीवरची मोटर कोण लावत होतं? हे गेल्यावर पुढचं वर्ष कोणी काढलं?

आणि यांच्या वर्षश्राद्धाला, पान वाढलेलं असताना, सगळ्या पावण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "बाईमानसाला एकटीला हे झेपायचं न्हाई. मासं, वाळू, टाकी, समदं मी नेतो. पावण्यांचं नाव ऱ्हाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कोणी विचारलं नाही. मी तुमच्या तोंडाकडं बघत वाढत राहिले आणि मनात म्हटलं, हा माणूस आयुष्यात एकदा तरी तोंडावर पडला पाहिजे.

पडलात. चार पाहुणे फीत कापून आत आले तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत सगळे उताणे झाले. हे मला वहिनींनी सांगितलं. तुम्ही आधी म्हणालात, मासेच रोगट होते. म्हणजे मेलेल्या माणसावर ढकललंत. ते कोणाला पटेना, तेव्हा तुम्ही जानकूला पुढं ओढलंत. ज्यानं तुमच्या मोरीपासून भटारखान्यापर्यंत सगळं उपसलं, त्या आहुप्याच्या माणसाच्या दोन कानाखाली मारल्यात. फिनेलच्या बादलीनं पाणी भरलं म्हणालात. पाहुण्यांसमोर त्याला हाकललंत. एवढी एकच गोष्ट तुम्हाला आयुष्यभर नीट जमली आहे, दादा. चूक दुसऱ्याच्या अंगावर घालणं.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, वह्या तपासल्या. पुढचं लिहायचं नव्हतं, पण त्यासाठीच तर पत्र लिहायला घेतलं आहे.

गेल्या बुधवारी जानकूची बायको सरूबाई एसटीनं माझ्या शाळेत आली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमाला माशातलं कळतंया. फिनेलनं मासा किती येळात मरतो?" मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "ह्ये म्हंत्यात मी बादली धुतली व्हती. पर आता त्यांनाच खात्री वाटंना. रातध्याड इचार करत्यात."

मला तिच्याकडं बघता आलं नाही. तिला चहा पाजला आणि परत पाठवली.

दादा, मासे वाळूनं मेले. यांनी मला शिकवलं होतं, की जुन्या वाळूचा वरचा थर म्हणजे विरजण. टाकी नव्यानं मांडताना तेवढं मूठभर घालायचं. खालच्या थरात वर्षानुवर्षांची घाण कुजत असते. ती वाळू खाऱ्या पाण्यात खळबळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, नाहीतर सरळ फेकून द्यायची. तुम्ही ती ओलीच गोण्यांत बांधून चार दिवस उन्हात ठेवलीत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला. आठवतं? "प्रतिभे, वाळू धुवायची का तशीच टाकायची? वास मारतीय लई."

मी म्हणाले, "समुद्राचा वास आहे तो, दादा. तशीच टाका."

मला माहीत होतं. फोन ठेवल्यावर परत करता आला असता. नंबर पाठ होता. केला नाही.

परवा रविवारी मी आहुप्याला गेले. जानकू खळ्यात भात झोडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मंजी तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"मी टेम्पोत माशांच्या पिंपावर वलं पोतं धरून बसलो व्हतो, बाई. खोडदपासून मंचरपतुर. ऊन लागंल म्हनून."

एवढं बोलून तो परत भात झोडायला लागला. सरूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला नाही. त्या रानातल्या लोकांच्या दारातून मी तहानलेली परत आले. असं होईल असं कधी वाटलं नव्हतं.

निघताना मी विचारलं, भावाला सांगून तुला परत कामावर घ्यायला लावू का? तो म्हणाला, "काम नगं. जितं मला मारलं तितं सांगा. त्याच मानसांम्होरं."

म्हणून येत्या रविवारी दुपारी बाराला, गिऱ्हाईक भरलेलं असताना, मी तुमच्या हॉटेलात येते. त्या दिवशीच्या चारही पाहुण्यांना मी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. जानकूलाही गाडी पाठवते आहे. आधी मी बोलेन. मग तुम्ही त्याच्यासमोर हात जोडायचे. नाही जोडलेत तर तेही सगळे बघतील. मला तुमच्याकडून फार आशा नाही.

मी तुम्हाला लहानपणापासून हलकं समजत आले. तुमच्यासारखी नाही, या एका गोष्टीवर चाळीस वर्षं ताठ चालले. यांच्या हातचे नऊ जीव मी तुम्हाला खाली बघायला लावायचं म्हणून मारले, आणि मार दुसऱ्यानं खाल्ला. यांना हे कळलं असतं तर तुमच्याकडं नाही, माझ्याकडं पाठ फिरवली असती.

पत्र फाडू नका. रविवारी मला बोलता आलं नाही तर हेच मोठ्यानं वाचा.

एका आईच्या पोटची, आणि आता तुमच्या पंक्तीत बसलेली,
तुमची बहीण
प्रतिभा