मोहाखालची मच्छरदाणी

नाई बाबा, आज मधात बोलाचं नाई. आजपर्यंत तुमीच बोलले, मी आयकलं. "जरा दुनिया पाह्य, मंग तोंड उघड." कोणती दुनिया जी? पोंभुर्ण्याचा बाजार, आपलं धान आन बांधावरचे चार मोहाचे झाडं, एवढीच तर तुमीबी पाह्यली होती. मी बीएस्सीले होती तरी मले झाडू कसा धराचा ते शिकवून राह्यले होते.

चैतातली ती सकाळ. मी चंद्रपूरहून सुट्टीत आली, होस्टेलच्या दोन जुन्या मच्छरदाण्या हातानं जोडून. तुमी मोहाखालचा पाला पेटवाले माचिस काढता. जमीन साफ झाली का पडलेली फुलं दिसते म्हणून. मी म्हणते, "बाबा, जाळू नका. हे खाली पसरवू, फुलं यातच पडतीन. पाल्यासंगं रोपं जळते. आपल्या बांधावर एकतरी लहान मोह आहे काय?" बुडाशी एक रोप होतं, वीतभर, तांबूस पानाचं. तेबी दाखवते.

तुमी बाजूच्या झाडाखालच्या काकूले आवाज देला, "पाहा वो! पोरगी झाडाले मच्छरदाणी लावून राह्यली. मोहाले मच्छर चावते काय व?" काकू हसूहसू खाली बसली. मंग तुमी माह्या डोक्यावर हात ठेवला. "जंगल पुस्तकात नसते, बेटा. तू अजून लहान आहेस." आन काडी ओढली. हसल्याचं मी विसरली असती. तो हात नाई विसरत.

मच्छरदाणी तिथीच फेकली. त्यानंतर चैतात मी कधी घरी आलीच नाई.

तुमच्या तेरवीले काकू जवळ येऊन बसली. "तुह्या बापाचं डोकं लय चालाचं व. मोहाखाली मच्छरदाणी पसरवाची अक्कल त्यानंच देल्ली आमाले. म्हणे, पाल्यासंगं रोपं जळते. आता गावात कोणी जाळत नाई."

"कधी सांगितलं?"

"तू गेली, त्याच्या पुढच्याच साली. म्हणे, तुमाले काय समजते, मी सांगतो तसं करा."

माहे शब्द, बाबा! जसेच्या तसे! दर इतवारी फोन कराचे, जेवली काय, लवकर उठत जा, जास्त बोलत नको जाऊ. त्यातच एकदा "पोरी, तुहं बरोबर होतं" म्हणाले काय झालं होतं? चार शब्द. मले चैतातलं घर सोडा लागलं नसतं.

त्या सकाळले सात सालं झाले. बांधावरचे नवे मोह माह्या खांद्याले आले. गावातले लोक त्याइले तुमच्या नावानं ओळखते. या कागदावर मी तुमाले सोडत नाई, पण काकूले "ते माहं होतं" हे अजून सांगितलं नाई. त्या दिवशी तोंडात आलं होतं. पण ती तुमची तारीफ करत होती, आन मले ते आयकाले बरं वाटत होतं. खोटं कशाले बोलू.

म्हणून माफ केलं असं समजू नका. हा कागद वहीतच राहीन. आता तुमी "पाह्य बेटा" म्हणून सुरू कराच्या आधी मी चालली. बांधावर फुलं पडून राह्यली.